काजळी आरवली

रतनबाईला दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवत नसे, आणि ते ती लपवतही नसे. शेजारणीच्या भाकरीला पापुद्रा सुटला तरी हिच्या पोटात दुखायचं. "तिचा तवाच चांगला हाय," म्हणायची, म्हणजे हाताचं कौतुक करायला नको. नात्यानं ती माझी चुलतसासू; मी तिला आत्याबाई म्हणायचे. लग्न होऊन मी पारनेर तालुक्यातल्या या गावी आले तेव्हा मला तिची आधी भीती वाटली, मग हसू यायला लागलं. पोटात एक आणि ओठात एक ठेवणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्यात. आत्याबाईच्या पोटातलं सगळं ओठांवर असायचं. मला अशी माणसं परवडतात.

तिला मूलबाळ नव्हतं, नवरा कधीच गेला होता. आमच्याच घराच्या मागच्या खोलीत राहायची. तिची स्वतःची म्हणावी अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे काजळी, काळीकुट्ट गावरान कोंबडी. अंडी उबवायला खुडूक बसण्यात काजळीचा हात धरणारी आळीत दुसरी नव्हती.

आमच्याकडं रीत अशी, की एखादीची कोंबडी खुडूक झाली की बाकीच्या बायका आपली अंडी तिच्याखाली ठेवायला आणायच्या. पिल्लं निघाली की निम्मी अंडीवालीची, निम्मी कोंबडीवालीची. रतनबाई पाटीत भुसा घालायची, एकेक अंडं दिव्यापुढं धरून बघायची आणि विजेच्या कडकडाटानं अंडी बाधू नयेत म्हणून कडेला एक लोखंडी खिळा ठेवायची. मग एकवीस दिवस बायकांची ये-जा. जिला बारशाला कुणी पुढं बोलवत नव्हतं, तिच्या उंबऱ्याशी लेकुरवाळ्या येऊन बसायच्या. हा सगळा मान काजळीमुळं होता, आणि रतनबाईला ते पक्कं ठाऊक होतं.

पण कोंबडीही म्हातारी होते. आधी अंड्यांत खाडे पडू लागले. मग कातड्यासारख्या मऊ कवचाची अंडी आली, मग तीही थांबली. झडलेली पिसं लवकर येईनात. पायांवरचे खवले जाड झाले, आणि एका उडीत माळवदावर जाणारी काजळी जिन्याची पायरी न् पायरी चढायला लागली. शेवटच्या खेपेला तर अर्ध्यातूनच अंड्यांवरून उठली आणि उकिरड्यावर जाऊन उकरत बसली. अंडी गार पडली.

त्याच सुमाराला शेजारच्या मुबारकबीची तांबडी खुडूक झाली. मुबारकबी म्हणजे दिलावर मुलाण्याची बायको. गावात कुणाच्याही घरचं कोंबडं-बकरं दिलावरनंच कापायचं, अशी पद्धत. त्यांच्या आमच्या घराची भिंत एकच. बायका पदरात अंडी घेऊन आमच्या दारावरून पुढं जायला लागल्या.

"बसल्या बसल्या डुलक्या घेती ती तांबडी," रतनबाई म्हणाली. "पिल्लं आंधळी निघत्यात का न्हाई, बघ."

पिल्लं चांगली डोळस निघाली, आणि अंडं एकही वाया गेलं नाही. त्या दिवशी आत्याबाई जेवली नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. आम्ही सगळ्या खडीच्या कामावर जायला लागलो. रेशनवर मिलो, म्हणजे परदेशी तांबडी ज्वारी, मिळायचा, तो माणसांनाच पुरत नव्हता. लोकांनी आपापल्या म्हाताऱ्या कोंबड्या शिजवून खाल्ल्या. रतनबाई आपल्या वाट्याचा मिलो भिजवून काजळीला घालायची. मला राहवेना.

"आत्याबाई, अंडं न्हाई, बसनं न्हाई, कशाला पोसता तिला?"

"मला कशाला पोसत्यात, ते इचार आधी," ती म्हणाली. 

काजळीला नवी पिसं आली, तेव्हा ती निराळीच दिसायला लागली. शेपटीला लांब बाकदार पिसं, पायाला कोंबड्याला असते तशी नखासारखी आरी. सुकलेला तुरा लालभडक होऊन उभा राहिला. भिंतीवर चढून बसायची, छाती काढून चालायची. आणि एके दिवशी तांबडं फुटायच्या आधी ती चक्क आरवली. पहिला सूर मोडका होता. रतनबाईनं धावत जाऊन तिच्यावर पाटी पालथी घातली आणि स्वतः पाटीवर बसली.

कोंबडी आरवली की घरावर अरिष्ट, असं सगळं गाव मानायचं. त्यात पाऊस नाही. कळलं असतं तर त्याच दिवशी काजळीच्या मानेवर सुरी आली असती. रोज संध्याकाळी पाटी, पाटीवर गोणपाट. पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, आणि काजळीही आरवायची राहिली नाही. उलट तिचा गळा तयार झाला. आता बोभाटा होणार म्हणून आम्ही जीव मुठीत धरून होतो.

एक दिवस खडी फोडताना आळीतली थोरली आक्काबाई म्हणाली, "मुबारक, तुझा कोंबडा काय गळ्याचा हाय गं. पार ओढ्यापल्याड ऐकू येतो."

"व्हय," मुबारकबी खाली मान घालून म्हणाली, "लई माजलाय."

मी आत्याबाईकडं बघितलं. मुलाण्याच्या घरात कोंबडा नव्हता. होता तो दिलावरनं पाहुण्यांसाठी केव्हाच कापला होता, आणि भिंत एक असल्यामुळं आम्हाला ते माहीत होतं. बाई आपल्यासाठी खोटं बोलत होती. मला वाटलं, आता तरी आत्याबाई तिच्याशी दोन शब्द गोड बोलेल.

"बघितलंस?" घरी येताना ती फणकारली. "कोंबडी माझी, गळा तिचा, अन् मान मुलाण्याच्या दाराला."

हे तिला काट्यासारखं सलत राहिलं. कौतुक झालं की हातोडीचा घाव दगडाऐवजी जमिनीवर पडायचा. शेवटी एका दुपारी भाकरी खाताना आक्काबाई म्हणाली, "मुबारक, तुझा कोंबडा आमच्या कोंबड्यांत सोड की चार दिस. वाण चांगला हाय."

रतनबाईनं भाकरी खाली ठेवली. "तिच्याकडं कोंबडा हाय कुठं? आरवती ती माझी काजळी."

सगळ्यांचे घास हातातच राहिले. "म्हंजी पाऊस तुझ्या घरात अडकलाय व्हय," आक्काबाई म्हणाली. "आजच्या आज काप तिला."

संध्याकाळी रतनबाई काजळीला पदराखाली घेऊन दिलावरच्या दारात गेली. मी मागोमाग गेले. दिलावरनं सुरी काढली. मुबारकबी चुलीपुढून उठून आली.

"रतनक्का, इतके दिस मी खोटं बोलले. तुमाला नुसतं गप बसवलं न्हाई?"

"तुला कुनी सांगितलं हुतं बोलाया?"

"सांगाया कशाला लागतं? ही तांबडी काजळीनंच काढलेली हाय. माझ्या वाट्याला आलेलं पिल्लू हे."

आत्याबाई तांबडीकडं बघत राहिली. इतके दिवस जिचा हेवा केला, ती काजळीच्याच पोटाखालची होती.

मुबारकबीनं काजळीचा तुरा चाचपला. "हिला आता कोंबडी कोन म्हनल? हितंच ऱ्हाऊ द्या. तुमी सांगा, कापली. आमी सांगू, पारनेरच्या बाजारातनं काळा कोंबडा आनला."

"म्हंजी ती तुझी झाली," रतनबाई म्हणाली. "मग माझं काय ऱ्हायलं?"

दिलावर सुरी घेऊन उभाच होता.  आत्याबाईनं काजळीला पदराखालून काढलं आणि मुबारकबीच्या हातात दिलं.

"मिलो भिजवून घालत जा," ती म्हणाली. "कोरडा गिळवत न्हाई तिला."

दुसऱ्या दिवशी कामावर बायकांनी विचारलं, रस्सा कसा झाला. "निबर हुतं, शिजलंच न्हाई," रतनबाई म्हणाली. पाऊस त्या वर्षी आलाच नाही, पण त्याबद्दल काजळीला कुणी बोललं नाही. पुढं आक्काबाईनं मुबारकबीच्या नव्या काळ्या कोंबड्याच्या गळ्याचंही कौतुक केलं. रतनबाईनं ते ऐकलं आणि खडी फोडत राहिली.

रोज पहाटे भिंतीपलीकडून काजळी आरवायची. आळी जागी व्हायची, कुणीतरी म्हणायचं, उठला मुबारकचा कोंबडा. रतनबाई त्याच्या आधीच अंथरुणात उठून भिंतीला कान लावून बसलेली असायची. एकदा आरवायला जरा वेळ झाला, तेव्हा तिला पुटपुटताना मी ऐकलं.

"आज उशीर केला तिनं. नीट झोपू देत न्हाईत तिकडं माझ्या काजळीला."