लांब झालेली डावी बाही

आमच्या हिंजवडीच्या कंपनीकडे पुण्यातल्या एका छोट्या युद्धसंग्रहालयाचं काम आलं होतं. एकाहत्तरच्या लढाईतल्या वस्तूंचे फोटो काढून माहिती संगणकात भरायची. मी एका खाकी स्वेटरपाशी पोचलो, तेवढ्यात पंचाहत्तरीच्या एक बाई आल्या. 'काचेला हात लावू नये' ही पाटी त्यांनी नीट वाचली आणि काचेला नाक लावलं.

"अहो, हा मी विणलाय!"

तेव्हा घरोघरी बायका जवानांसाठी स्वेटर विणायच्या. बाईंच्या हातून डावी बाही चार बोटं लांब झाली होती आणि लोकर संपल्यामुळे गळा भलत्याच रंगाचा. "सासूबाई म्हणाल्या, हे ध्यान घालणार कोण?"

मी कपाट उघडलं. स्वेटरची कोपरं पार झिजली होती. लांब बाही कुणीतरी आत दुमडून काळ्या दोऱ्याने शिवली होती. बाईंनी त्या टाक्यांवरून अंगठा फिरवला आणि खळखळून हसल्या. "घातला की हो त्याने! आणि टाके माझ्यापेक्षा सुबक!"

"माहितीत तुमचं नाव लिहू का?"

"कशाला? त्याने कुठे विचारलं होतं?"