दादाच्या खांद्यावरचा माझा हात

हे अजून कुणाच्या कानावर गेलेलं नाही. बायकोच्याही नाही. दादाला त्यातलं अर्धं माहीत आहे — आणि तेच जास्त जाळतं.

दादा, माझा थोरला भाऊ, लासूर स्टेशन गावातला आचारी. एकटा जीव. लग्न असो की दहावा, भट्टीपुढं अनवाणीच उभा राहायचा. "अग्नीसमोर चप्पल? नाय जमायचं." त्या कमाईवर मी शिकलो, शहरात नोकरीला लागलो. त्याला शुगर निघाली, पायांना मुंग्या यायला लागल्या, तेव्हा मीच त्याला इथं दवाखान्यात आणलं.

तपासणी साधीच. डोळे मिटून पडायचं. डॉक्टरीणबाई तळव्याला नायलॉनचा दोरा टेकवणार, कळलं की सांगायचं. नसा बधिर निघाल्या तर भट्टी कायमची बंद — हे त्यांनी आधीच बजावलेलं.

दोरा टेकला. दादा गप्प. दुसऱ्या जागी टेकला — गप्प. मी उशाशी उभा, हात त्याच्या खांद्यावर. बाई पायाशी वाकलेल्या. तिसऱ्यांदा दोरा टेकला आणि मी — खांदा दाबला.

"व्हय," दादा म्हणाला.

मग दर वेळी. बाई मध्येच फसवायला दोरा नुसता हवेत धरायच्या, तेव्हा मी दाबत नव्हतो. आधीच्या दोन जागा त्यांनी पुन्हा तपासल्या. तिथंही व्हय.

रिक्षात दादा खूश. "शाळंत तुला कधी कॉपी करू दिली नाय म्या, अन् आज तूच मला पास केलं की रे, बारक्या!"

त्याला वाटलं, त्याची भट्टी वाचावी म्हणून मी हे केलं. तसं असतं तर — तर आज हे लिहीत बसलो असतो का? माझ्या डोळ्यांपुढं भट्टी नव्हतीच. माझ्या दोन खोल्या होत्या, आणि त्यातल्या एकीत काम सुटलेला दादा. मला तो घरात नको होता.

पुढच्याच लगीनसराईत, वेरूळच्या एका लग्नात, निखारा त्याच्या पायाखाली आला. त्याला कळलं नाही. जळका वास आला, तेव्हा तो पोळ्या लाटणाऱ्या बायांवर ओरडला, "अगं, काय करपलं बघा!"

पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

आता तो माझ्याच घरी असतो. भेटायला येणाऱ्यांना सांगतो, "चूक माझीच. डॉक्टरला फसवलं म्या." माझं नाव घेत नाही. मी समोरच बसलेला असतो, हातात चहाचा कप — आणि त्याला तसं सांगू देतो.