हिरव्या चौकटीला शुक्रिया

"काय भाऊ, उठली का लाट?" डोक्याला वायरी चिकटवलेल्या, मान हलवायची नाही, तरी आमचे एक पेशंट विचारत.

नव्वदीच्या दशकात लखनौच्या एका हॉस्पिटलात मी मेंदूच्या लहरी नोंदवायचं मशीन चालवत असे. दारूचं व्यसन जडलेल्यांवर आमच्या डॉक्टरांचं संशोधन चालू होतं. पडद्यावर दोन चौकटी दिसत, एक निवडायची. हिरवी झाली तर जिंकलात, लाल झाली तर हरलात. जिंकल्यावर माणसाच्या मेंदूत एक लाट उठते. ह्या पेशंटची जेमतेम उठे.

मूळचे नागपूरचे, हवाई दलातून निवृत्त होऊन लखनौतच विकास नगरला स्थायिक झालेले. डोक्याची तपासणी म्हणून त्यांची बायको, आमच्या वहिनी, वाटीभर तेल जिरवून पाठवत. तेलावर वायरी टिकत नाहीत, हे मी बजावून सांगितलं होतं.

"सांगितलं तिला. म्हणते, दिमाग ठंडा रहेगा."

मग मीच बेसिनवर त्यांचं डोकं धुवायचो. एवढा धिप्पाड माणूस, पण शहाण्या मुलासारखा नळाखाली वाकून उभा राही.

हिरवी चौकट आली की ते तिला "शुक्रिया" म्हणत. बोललं की नोंद बिघडते. पण त्यांना लखनौचं पाणी लागलेलं, त्याला मी काय करणार?

तिसऱ्या खेपेला आले तेव्हा पाच महिने दारूला शिवले नव्हते. हात स्थिर होते. मला फार बरं वाटलं. लाट मात्र होती तेवढीच होती.

"उठली का, भाऊ?"

निकाल सांगायचा नाही, असा नियम होता. तरी म्हणालो, "बरीच उठली." तेवढाच माणसाला धीर.

ते म्हणाले, "अच्छा? परवा पोरीचं लग्न ठरलं. सगळे पेढे खात होते. मला वाटत होतं, ही खुशी शेजारच्या घरातली आहे. लाट उठल्यावरही एवढंच वाटतं का, यार?"

अजून उठलेली नाही, वेळ लागेल, असं तेव्हा तरी सांगायला हवं होतं. मी खाली मान घालून वायरी काढत राहिलो. ह्याबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही.

पुढच्या तारखेला वहिनी एकट्याच आल्या. त्या तिसऱ्या खेपेच्याच आठवड्यात त्यांच्या नवऱ्यानं पुन्हा प्यायला सुरुवात केली होती, आणि दोन महिन्यांत ते गेले.

"मला म्हणाले होते, मशीन में सब ठीक आया है. खरंच ठीक होतं ना, भाऊ?"

"हो, वहिनी," मी म्हणालो.