फटफटीवाली सुईण

तिला सगळे फटफटीवाली म्हणत. सुईणपण तिच्याकडे आईकडून आलं होतं आणि ती जुनी मोटारसायकल नवऱ्यामागे. नवरा गेला तेव्हा दीर म्हणाला होता, "वहिनी, विकून टाकू." ती म्हणाली, "कशाला? मी चालवीन की." लोकांनी तोंडात बोटं घातली, ती वाडीवस्तीवर बाळंतपणं करत फिरू लागली.

त्या सकाळी गाडी अंगणात खोललेली पडली होती. जुना कार्बोरेटर गळायला लागला म्हणून तिने नवा आणला होता, सोबत चोकची, म्हणजे थंड इंजिन चालू करताना ओढायच्या खटक्याची, केबलही. कार्बोरेटर बसवून केबल ओवते तोच फोन वाजला. तिचे हात तेलाने माखलेले, म्हणून सासूबाईंनी उचलला.

"टेकडीपलीकडून आहे. सुनेला कळा सुरू झाल्यात. बाळ पायाळू आहे म्हणे."

घाईघाईने तिने पेट्रोलची टाकी चढवली, चोक ओढून किक मारली. इंजिन धडधडलं. जरा तापल्यावर तिने चोक बंद केला. सासूबाईंनी पिशवी पुढे केली. तिने हँडल वळवलं मात्र, इंजिन एकदम किंचाळलं. सरळ केल्यावर शांत झालं. वळवलं, पुन्हा तेच.

"वळवलं की चोकची केबल ताणतेय," म्हणत तिने इंजिन बंद केलं.

"अगं, चालू झालीये ना? जा की! तिकडे जीव टांगणीला लागलाय."

"आई, टेकडीवर वळणंच वळणं आहेत. गाडी उधळली तर मीच पोचायची नाही."

फोन परत वाजू लागला. तिने टाकी उतरवली. केबल टाकीखाली चेपली होती. सोडवताना एक नट धुळीत पडला. शोधता शोधता ती रडकुंडीला आली.

"माझ्या पायाखाली बघ," सासूबाई म्हणाल्या. "घरंगळत चालला होता मेला, दाबून धरलाय."

केबल सैल ओवून, टाकी बसवून तिने पुन्हा किक मारली आणि हँडल दोन्हीकडे वळवून पाहिलं. इंजिनचा आवाज बदलला नाही.

ती पोचली तेव्हा बाळाचा एक पाय बाहेर होता. ती हात घासत असताना घरची म्हातारी फणकारली, "केवढा वेळ लावलास!" तिने दुसरा पाय शोधून हळूच खाली घेतला. बाळ काळंनिळं, न रडताच आलं. ती त्याची पाठ चोळत राहिली. मग एक बारीक टाहो फुटला.

नंतर पायरीवर बसून तिने घरी फोन लावला.

"मुलगी झाली, आई. दोघी सुखरूप आहेत."

"सावकाश ये गं," सासूबाई म्हणाल्या.