मुदतवाढीचा अर्ज

यावलच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली तेव्हा आबांनी, माझ्या वडिलांनी, माझी पत्र्याची पेटी स्वतः टपावर चढवली. कंडक्टर ओरडत होता, आई पदराच्या टोकाशी चाळा करत उभी होती. रघुनाथ सायकल हाणत आला तो थेट माझ्या खिडकीशी. आम्ही पहिलीपासून एका बाकावर बसलेले आणि पोलीस भरतीची तयारी एकत्र केलेले.

"नकाराचा कागद धाडला ना रे भो?" त्यानं विचारलं.

"धाडला," मी म्हणालो.

"मंग काई नाही. तू तिकडे पुस्तकं वाच, मी इकडे शिट्टी वाजवतो. गावाले दोघंबी लागता."

गाडी हलली. मी हात हलवत राहिलो. नकाराचा कागद मी धाडलेला नव्हता.

गाव सोडलेल्या आपल्या माणसांनी लिहिलेलं मी आवडीनं वाचतो. त्यात गावाची आठवण असते, चवी असतात, हरवलेली झाडं असतात. निघताना आपण मागच्यांचं काय घेऊन निघालो, हे मात्र सहसा नसतं. माझ्यापुरतं ते आज लिहितो. गावातले वाचतील आणि माझ्यासारखे बाहेर पडलेलेही वाचतील, हे धरूनच लिहितो.

बी.एस्सी.चा निकाल लागला त्याच उन्हाळ्यात धुळ्याची भरती निघाली. वर्षभर आधीपासून आम्ही दोघं पहाटे पाटाच्या कडेनं पळत होतो. केळीच्या बागांना पाणी सुटलेलं असायचं, पायवाट निसरडी. रघुनाथ पुढे, मी मागे. मी दमलो की तो वळून न बघता ओरडायचा, "माझ्या टाचेकडे पाह्य, लांब पाहू नको!" धुळ्याच्या मैदानावरही तसंच झालं. आमची पाळी एकाच गटात आली. सोळाशे मीटरच्या शेवटच्या फेरीत माझे पाय जड झाले, तेव्हा त्यानं आपला वेग थोडा कमी केला आणि मला टाचेमागे ओढून नेलं. लेखीत मी त्याच्या दोन गुणांनी पुढे गेलो. निवड यादीत माझं नाव शेवटचं होतं, आणि आमच्या प्रवर्गाच्या प्रतीक्षा यादीत त्याचं पहिलं.

त्याच आठवड्यात पुण्याहून एम.एस्सी.च्या प्रवेशाचं पत्र आलं. मला रसायनशास्त्रच हवं होतं, यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. रघुनाथला कळलं तेव्हा तो माझ्याहून खूश झाला. मी नकार दिला की त्याचा नंबर लागणार, हे आम्ही दोघं जाणून होतो.

पण आबा म्हणाले, "निवडीचा कागद हाती राहू दे. परतीची वाट मोडू नाही." त्यांचं म्हणणं सावध बापाचं होतं. आमच्या घरातून कुणी जळगावच्या पुढे शिकायला गेलेलं नव्हतं. पुण्यात नापास झालो तर? इंग्रजी झेपलं नाही तर? मी आबांवर ढकलत नाही. ते फक्त बोलले, अर्ज मी लिहिला. आई आजारी असल्यानं प्रशिक्षणाला हजर होण्यास मुदतवाढ मिळावी, असा. आई त्या दिवशी शेतात निंदायला गेली होती. मुदत मिळाली. मग दुसरा अर्ज केला, त्यातही आईला आजारीच ठेवलं. माझी जागा माझ्या नावावर अडकून राहिली.

पुण्यात पहिलं वर्ष मी जीव तोडून अभ्यास केला. लॅबमध्ये पिपेट नेमकं भरायला शिकलो, सेमिनारमध्ये इंग्रजीत बोलायला शिकलो. वर्षाचा निकाल चांगला लागला, तेव्हा मी नकाराचा कागद घेऊन स्वतः धुळ्याला गेलो. टेबलामागच्या वयस्कर कारकुनानं तो शांतपणे वाचला. "यादीची मुदत मागच्या महिन्यात सरली, बेटा. आधी दिला असता तर कुणाचं तरी भलं झालं असतं."

कुणाचं, ते मी त्यांना सांगितलं नाही. धुळ्याहून घर काही तासांवर होतं. मी तिथूनच पुण्याची गाडी पकडली. गाव मी खरं त्या दिवशी सोडलं. यावलच्या स्टँडवर तर फक्त पेटी चढली होती.

पुढे बरीच वर्षं भरती निघालीच नाही, आणि निघाली तोवर रघुनाथ वयात बसत नव्हता. आता तो केळी कापणीच्या टोळीचा मुकादम आहे. घड नुसता पाहून किती दिवसांत पिकेल ते सांगतो, त्याच्या शब्दावर ट्रक भरतात. मी पीएच.डी. केली, आता एका टेस्टिंग लॅबचा प्रमुख आहे. दिवसभर सॅम्पल, रिपोर्ट, ऑडिट, झूम मीटिंग. काम मला येतं आणि ते मी नेकीनं करतो. चुकीच्या रिपोर्टवर सही करायला कुणी सांगितलं तर मी सरळ नाही म्हणतो. सही करताना कधीकधी तो अर्ज आठवतो. एवढ्या वर्षांत दरवेळी गावी गेलो की रघुनाथला भेटलो, आणि दरवेळी हवापाण्यावर बोलून परतलो.

यंदा उन्हाळ्यात त्याचाच फोन आला. त्याची मुलगी मनीषा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पोलीस भरतीचा फॉर्म भरावा की पुढे शिकावं, यावर घरात वाद चालला होता.

"तू शिकेल माणूस, तूच सांग तिले," तो म्हणाला. "पळाले वारा हाये पोर. पन माह्यावर गेली, लेखीत अडकीन. आमच्या घरात परीक्षेचं डोकंच नाही."

हे वाक्य ऐकून मी लॅबच्या जिन्यात बसलो. त्याची नोकरी गेली एवढंच मी आजवर धरून चाललो होतो. माझ्या खोट्या अर्जांमुळे तो स्वतःला ढ ठरवून बसला होता, आणि आता पोरीलाही ठरवत होता. फोनवर सांगण्यासारखं हे नव्हतं. शनिवारी मी गावी गेलो.

तो आमच्याच बागेत कापणीवर होता. मी त्याला बांधावर बोलावलं आणि सगळं सांगितलं.  शेवटी तो म्हणाला, "मायले दोनदा आजारी पाडलं?"

"दोनदा."

"ती म्हातारी तव्हा तुह्यापेक्षा जोरात पळे." हातातल्या विळ्याची धार त्यानं अंगठ्यानं चाचपली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मले वाटे, यादी हललीच नाही. माहं नशीबच खोटं. बायकोबी तेच म्हने." विळा कमरेला खोचत म्हणाला, "घरी चाल. मले सांगितलं ते तिथं सांग. पोरीसमोर."

त्याच्या ओट्यावर मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्याची बायको चहाचा कप हातात धरून उभी राहिली, माझ्या हाती दिलाच नाही. मनीषा खाली मान घालून ऐकत होती. माझं बोलणं संपल्यावर तिनं विचारलं, "काका, बाबांना तुमच्यापेक्षा किती मार्क कमी होते?"

"दोन. आणि पळण्यात ते माझ्या पुढे होते. मला त्यांनीच ओढून नेलं."

ती बापाकडे वळली. "म्हणजे तुम्ही पास होते, बाबा."

रघुनाथ उठला आणि गोठ्याकडे निघून गेला. बऱ्याच वेळानं आला. डोळे धुतलेले होते. त्यानं मला माफ केलं असं तो म्हणाला नाही, मीही मागितलं नाही. मुलीला मात्र म्हणाला, "दोन्ही फॉर्म भर. दोन्हीकडे निघशीन तू. मंग एक सोडशीन तं त्याच दिवशी लिहून दे."

मी शिकायला गेलो ते योग्यच केलं, हे मी आजही मान ताठ ठेवून सांगतो. जाताना दुसऱ्याची वाट अडवून गेलो, हे आता तितक्याच स्पष्टपणे सांगतो. पुण्यात माझा फ्लॅट आहे, माणसं आहेत, मान आहे, आणि तिथं मी कोण हे माझ्या व्हिजिटिंग कार्डावरून कळतं. गावात आता एक ओटा असा आहे, जिथं माझ्याविषयी सगळं माहीत आहे. पुढच्या महिन्यात तिथं जायचं आहे. चहा मिळेल की नाही, ठाऊक नाही. पण घरी जातो, असं या वेळी मी न अडखळता म्हणतो.