बापाची सही

लाँड्रीत तिला सगळे ‘कडक’ म्हणत. इस्पितळांच्या चादरी आणि डॉक्टरांचे कोट धुणारी ती मोठी लाँड्री. तिथल्या इस्त्रीच्या टेबलापाशी तिची एकोणीस वर्षं गेली होती. आपल्या हातची कॉलर ताठ उभी राहते म्हणून हे नाव पडलं, असं ती सांगायची. बाकीच्या बायका म्हणायच्या, कॉलरीचं निमित्त, हिचा स्वभावच तसा. फाटकी चादर चांगल्या चादरींत दडपून दे म्हटलं, की ही ती मुकादमापुढे नेऊन पसरणार.

तिनं लग्न केलं नव्हतं. थोरली बहीण वारली आणि बहिणीची नऊ वर्षांची मुलगी तिच्या पदरात आली. मुलीला घरात गोटी म्हणत, कारण ती एका जागी म्हणून ठरायची नाही. गोटीला जन्मापासून कमी ऐकू यायचं. दोन्ही कानांमागे मशीन आणि कानात बसणारा मऊ साचा. पोर वाढते तसा कानही वाढतो, साचा ढिला पडतो आणि मशीन शिट्टी मारायला लागतं. मग नवा साचा करून घ्यायचा. इतकी वर्षं हे सगळं कार्डावर होत आलं होतं. कमी कमाईच्या घरांतल्या मुलांचा सरकार जो आरोग्य विमा उतरवतं, त्याचं कार्ड. ताई होती तोवर वर्षाला एक अर्ज भरला की काम संपायचं.

ताई गेली आणि कार्ड बंद झालं.

“ते आईच्या नावावर होतं ना,” विमा कचेरीच्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या. बाई वाईट नव्हत्या. मागे एवढी रांग असूनही त्यांनी सगळं दोनदा समजावलं. “तुम्ही मावशी. तुमच्या नावावर नवीन काढता येईल. त्यासाठी एक तर वडिलांची संमती आणा, नाहीतर वडील बेपत्ता आहेत असं शपथेवर लिहून द्या.”

गोटी तीन वर्षांची असताना बाप कामाला म्हणून परगावी गेला होता, तो परतलाच नाही. तो कुठे आहे हे कडकला ठाऊक नव्हतं. पण त्याची बहीण तीन स्टॉप पलीकडे राहते, हे ठाऊक होतं.

“अगं, लिहून दे आणि मोकळी हो,” शेजारच्या टेबलावर चादरींच्या घड्या घालणारी मैत्रीण म्हणाली. “सहा वर्षं ज्यानं तोंड दाखवलं नाही, त्याला बेपत्ता नाही तर काय हजर म्हणायचं?”

“शपथेवर लिहायचंय.”

“शपथ काय चावते?”

“विचारलं तर त्याचा पत्ता मिळेल. मग बेपत्ता कसं लिहू?”

“तुझी तू शहाणी,” असं म्हणून घडीवालीनं चादरीचं दुसरं टोक तिच्या हातात दिलं.

पत्ता मिळाला. गोटीला घडीवालीकडे सोडून कडक चार तास बसमध्ये बसून गेली. तो एका मालगोदामात क्रेन चालवत होता. पाळी सुटेपर्यंत ती फाटकाशी उभी राहिली.

“भाऊजी.”

त्याला ओळख पटायला वेळ लागला. चांगला सुटला होता. ताई गेल्याचं त्याला कळलं होतं.

“पोर कशी आहे?” त्यानं खाली बघत विचारलं.

“बोलते. तुमच्यावर गेलीय, तोंडाला कुलूप म्हणून नाही.”

तो हसला, आणि हसता हसता हेल्मेट तोंडापुढे धरून रडायला लागला. कडकनं त्याला रडू दिलं. मग फाटकावरच्या पहारेकऱ्याच्या स्टुलावर कागद ठेवून त्यानं सही केली.

“इथे आणू नकोस तिला,” तो म्हणाला. “घरी दोन लहान आहेत. बायकोला मी काही सांगितलेलं नाही.”

“मी कशाला आणते?” कडकनं कागद उलटसुलट करून पाहिला. “पगाराचा रकाना रिकामा राहिलाय, भाऊजी. उगाच कागद परत येईल.”

त्यानं तो रकाना भरला.

सोमवारी खिडकीतल्या बाईंनी कागद वाचला, पुन्हा वाचला आणि चष्मा काढून बाजूला ठेवला.

“वडील चांगलं कमावतात, बाई.”

“कमावतात. आम्हाला देत नाहीत.”

“त्याला यात रकाना नाही. वडील सापडले म्हणजे त्यांची कमाई धरावी लागते. ती मर्यादेच्या वर जाते.”

“मग बेपत्ता लिहून देते. आत्ता देते.”

“आता कसं?” बाई हळूच म्हणाल्या. “त्यांची सहीच आहे ना.”

त्याच्या कंपनीच्या विम्यात मुलीचं नाव घालता येईल, असं बाईंनी सुचवलं. कडकनं फोन केला तेव्हा तो “बघतो” म्हणाला. पुढच्या आठवड्यापासून तो नंबर लागेना. तिनं वरच्या कचेरीत अपील केलं. अकरा आठवड्यांनी दोन ओळींचं पत्र आलं: अर्ज नियमात बसत नाही.

तोवर गोटीच्या कानातली शिट्टी वर्गभर ऐकू जायला लागली होती. वर्गाच्या बाईंनी तिला पहिल्या बाकावर आणलं, तर मागची मुलं शिट्ट्या मारायला लागली. गोटी शाळेच्या दारात मशीन काढून दप्तरात टाकायची आणि घरी येताना पुन्हा घालायची. हे मावशीला कळायला दीड महिना गेला. मग तिनं स्वतःच्या पगारातून नवे साचे करवून घेतले. कानाच्या डॉक्टरांनी पुन्हा तपासणी केली आणि सांगितलं, ऐकणं आणखी उतरलंय, आता ही मशीनंच पुरायची नाहीत. नव्या जोडीची किंमत त्यांनी सांगितली, ती कडकच्या वर्षभराच्या पगाराहून जास्त होती.

घडीवालीनं एकदाही ‘मी सांगितलं होतं’ असं म्हटलं नाही. ते तिचे उपकारच. पण टेबलाशी कडक आता कुणाशी बोलत नसे.

हळूहळू गोटीच्या बोलण्यातला ‘स’ गेला, मग ‘श’. मग बोलणंच आटलं. तिनं आपल्यापुरती एक तोड काढली होती: समोरच्याचे ओठ थांबले, की हसून “हो” म्हणायचं.

एका संध्याकाळी मावशी कामावरून आली. ताटातलं जेवण तसंच होतं.

“जेवलीस?”

“हो.”

“दमलीस का गं?”

“हो.”

कडक तिच्यासमोर खाली बसली. “तुझं नाव काय?”

“हो,” गोटी म्हणाली. मावशीचा चेहरा बघून काहीतरी चुकलंय हे तिनं ओळखलं आणि घाईघाईनं आणखी मोठं हसली.

मावशीनं मान डोलावली, बरोबर आहे म्हणून, आणि ताट तिच्यापुढे सरकवलं.