एका बटणाचा ट्रक

मिक्सर बंद पडला होता म्हणून मी सुलूला फोन लावायला गेले, तेवढ्यात तिच्याच नंबरवरून फोन आला. मी 'हॅलो'सुद्धा न म्हणता सुरू झाले, की बाई, पातं फिरत नाही, नुसतं गुरगुरतंय, आता तू येतेस की मी घेऊन येऊ… मग तिच्या मुलीचा, प्राचीचा आवाज आला. "मामी, आई गेली." दुपारी जेवून जरा पडली होती, ती उठलीच नाही. याला आता दीड महिना झाला. माझ्या नणंदेबद्दल लिहायचं म्हणून रोज वही घेऊन बसते आणि दर वेळी तो ट्रकच अंगणातून चालत येतो. तेव्हा ट्रकचंच लिहिते. त्यात माझी अब्रू जाते, पण सत्तरी ओलांडल्यावर ती सांभाळून काय करायची?

लग्न होऊन मी कोराडीच्या कॉलनीत आले ते सत्त्याहत्तर साल असावं. औष्णिक केंद्र नवं होतं, कोळशाचे ट्रक दिवसभर धडधडायचे आणि वाळत घातलेल्या पांढऱ्या धोतरावर राखेची अशी बारीक नक्षी उमटायची की सकाळची धुणी संध्याकाळी पुन्हा धुवावीत. माझे सासरे, मामंजी, कोळशाच्या काट्यावर कारकून. ट्रक भरलेला किती, रिकामा किती, याची नोंद हेच त्यांचं आयुष्य. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. माझे यजमान हिंगण्याला कारखान्यात, पाळीवर. घर चालवायची सुलू, वय वर्षं अठरा. आणि मी? मी नागपूरच्या महाल पेठेतली, मॅट्रिक झालेली, 'मला-तुला' बोलणारी. यांचं 'मले-तुले' ऐकून मी आल्या दिवशीच ठरवून टाकलं की या घराला वळण लावायला देवानं मलाच धाडलं आहे. पहिल्या आठवड्यात मी स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीप्रमाणे लावले. हळद सापडेना म्हणून दोन दिवस मामंजींनी पांढरं वरण खाल्लं, पण बिचारे बोलले नाहीत.

सुलूला रेडिओचं वेड होतं. कॉलनीतल्या कोणाचाही बंद पडलेला ट्रान्झिस्टर ती उघडून बसायची, आणि दहातले सहा तरी पुन्हा गायला लागायचे. तिला आयटीआयला रेडिओचा कोर्स करायचा होता. मामंजींना ते पसंत नव्हतं. कळमेश्वरहून एक स्थळ सांगून आलं होतं, मुलगा नोकरीतला, घरचं शेत. शिवाय मामंजींचं म्हणणं, की उघडलेला रेडिओ पुन्हा लागतो यात मुलीचं कौतुक किती आणि नशिबाचा भाग किती? तोडणं-जोडणं कोणीही करतं. सुलूनं वाद घातला नाही. मी असते तर जेवण सोडलं असतं, रडले असते. तिनं एवढंच विचारलं, की बाबा, मी काही नवीन बनवून दाखवलं तर? मामंजी काट्यावरचे, त्यांना मोजता येईल अशीच गोष्ट सुचणार. म्हणाले, "एक ट्रक बनव. हात न लावता, तार न बांधता, व्हरांड्यापासून फाटकापर्यंत जाईल आन् वळून वापस येईल. मंग फॉर्मवर सही करतो." अर्जाची शेवटची तारीख सव्वा महिन्यावर होती. तोवर नाही चालला, तर कळमेश्वरच्या पाहुण्यांना बोलावणं जाणार, हेही तेव्हाच ठरलं.

बनवायचा कशाचा, हा प्रश्न होता, कारण विकत घ्यायला काहीच नव्हतं. वनस्पती तुपाचा डबा कापून ठोकून ट्रकचा हौदा झाला. चाकं म्हणजे बुटाच्या पॉलिशच्या डब्या, त्यांवर सायकलच्या फाटक्या ट्यूबच्या पट्ट्या. मोटर एका मोडक्या टेपरेकॉर्डरची. ट्रान्झिस्टर दुरुस्तीतून उरलेले. नागपुरात इतवारीतल्या एका भंगारवाल्याकडे आम्ही दोघी बसने गेलो. मी पदर नाकाला लावून बाहेर उभी, आणि सुलू आत ढिगाऱ्यावर उकिडवी बसून एकेक तुकडा वर धरून पाहत होती, बायका बाजारात वांगी निवडतात तशी. येताना तिच्या पिशवीत जे काही होतं त्याला माझ्या माहेरी कचरा म्हणायचे. तसं मी बसमध्ये चारचौघांत म्हणूनही दाखवलं.

मग तिला माझं घड्याळ हवं झालं. माझ्या रुखवतातलं, हिरव्या तबकडीचं, गजराचं. चाकं वळवायला तिला त्याच्या आतलं दातेरी चाक पाहिजे होतं. मी तीन दिवस नाही म्हटलं आणि वर माहेरच्या वस्तूचं पावित्र्य या विषयावर बोलले. ती शांतपणे म्हणाली, "वहिनी, आमच्या इथं पाळीचा भोंगा वाजते. सारी कॉलनी उठते त्यानं. तुले घड्याळ काहून पाहिजे?" चौथ्या दिवशी घड्याळ काढून दिलं. पण देऊन गप्प बसेन ती मी कसली? आठ दिवसांत कॉलनीतल्या प्रत्येक घराला कळलं होतं, की नणंदेसाठी मी काय त्याग केला आहे.

ट्रकची गंमत अशी होती, की त्याला बटण एकच. तिच्या हातातल्या साबणाच्या डबीत ते बसवलेलं. मोटर सुरू केली की ट्रक चालतच राहायचा, बटणानं फक्त वळायचा. एकदा दाबलं की चाकं डावीकडे, पुन्हा दाबलं की सरळ, पुन्हा दाबलं की उजवीकडे, मग पुन्हा सरळ. घड्याळातलं ते चाक, त्याला पीळ दिलेलं रबर, आणि दर इशाऱ्याला एक घर पुढे. म्हणजे एका बाजूला वळून सरळ झालेल्या ट्रकला पुन्हा त्याच बाजूला न्यायचं तर पटापट तीनदा दाबायचं, दुसरीकडे जायला त्याला वेळच मिळू द्यायचा नाही. मागचा हिशेब डोक्यात ठेवला नाही, की ट्रक भलतीकडे. मामंजींना वेगळीच काळजी. नुसता रेडिओ ऐकायला पोस्टातून लायसन काढावं लागायचं तेव्हा. म्हणाले, "हे तं बोलणारं यंत्र हाय. पोलीस येतीन." सुलू म्हणाली, की बोलत नाही बाबा, फाटकापर्यंत नुसतं खोकलते.

आणि आता माझा पराक्रम. ठरलेल्या दिवसाच्या आदल्या सकाळी सुलू नहाणीत होती. ट्रक टेबलावर उघडा. मी फडकं घेऊन आत गेले. पाहते तर सगळीकडे राखेचा थर, आणि तारांच्या मधोमध एक तांब्याचं वेटोळं, त्याचे वेढे कुठे जवळ, कुठे लांब, कसेतरीच. मला वाटलं, एवढी हुशार मुलगी आणि काम असं गबाळं? उद्या मामंजी पाहतील. मी बोटानं ते वेढे दाबून एकमेकांना चिकटवले, बांगड्या हातात सारख्या कराव्यात तसे. कसं छान दिसायला लागलं! मग ट्रकही पुसून ठेवला. सुलूनं ट्रक आधीच अंगणात फिरवून पाहिला होता, त्यामुळे पुन्हा तपासायची तिला गरज वाटली नाही. झाकण लावून ती निवांत झोपली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मामंजी व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले. फॉर्म खिशात. सुलूनं ट्रक खाली ठेवला, मोटर सुरू केली. ट्रक ऐटीत निघाला. अर्ध्या अंगणापर्यंत गेला. तिनं बटण दाबलं. ट्रक सरळ. पुन्हा दाबलं. सरळच. ती दाबत राहिली आणि तो फाटकातून बाहेर पडून, रस्ता ओलांडून, समोरच्या नालीत जाऊन पडला. चाकं वर, आणि तशीच फिरत… मामंजी हसले असते तर बरं झालं असतं. ते उठले, खिशातला फॉर्म काढून त्यांनी कोनाड्यात ठेवला, आणि म्हणाले, की कळमेश्वरला पत्र टाकतो.

सुलू रडली नाही. नालीतून ट्रक काढला, धुतला, उन्हात वाळवला आणि उघडून बसली. सेल पाहिले, तारा ओढून पाहिल्या. दुपार टळायला आली तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दारात आली, हातात ते वेटोळं.

"हे कोणं दाबलं?"

मला अजून कळलं नव्हतं की ते काय आहे, पण तिचा चेहरा पाहून काहीतरी घडलंय एवढं समजलं. मी, महालातली, मॅट्रिक पास… म्हणाले, उंदीर असेल.

"उंदीर एवढा टापटीप नसते, वहिनी."

मग तिनं मला समजावून सांगितलं, जराही आवाज न चढवता, आणि त्याचंच मला जास्त लागलं. त्या वेढ्यांमधल्या फटींवरच ठरतं म्हणे, ट्रक कोणाचा इशारा ऐकणार ते. तिनं तीन दिवस बसून एकेक फट जुळवली होती. मी एका मिनिटात ट्रकला बहिरा करून ठेवला होता. आणि अर्जाला उरले होते दोन दिवस.

घरात मी त्या दिवसापर्यंत एकदाही चुकले नव्हते, म्हणजे मी तसं कबूल केलं नव्हतं. पण सुलू उठून बापाकडे जाईना. माझं नाव घ्यावं लागेल म्हणून गेली नाही, हे मला दारातूनच दिसलं. मग मीच गेले. मामंजी पोस्टकार्ड लिहीत होते. मी म्हटलं, ट्रक पुन्हा एकदा पाहा. ते मान वर न करता म्हणाले, की काटा एकदाच होते, सूनबाई.

"काटाच कोणी बिघडवला असला तर?"

"कोणं बिघडवला?"

"मी. चूक ट्रकची नाही, माझी आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कार्डाकडे. अर्धवट लिहिलेलं कार्ड उलटं करून ठेवलं आणि म्हणाले, की उद्या संध्याकाळपर्यंत.

शिक्षा सुलूनं दिली. जुनी तार वाकून गेली होती, नवं वेटोळं मीच गुंडाळायचं, फाउंटन पेनच्या टोपणावर, तिनं सांगितलं तितक्या वेढ्यांचं. ते ट्रकच्या बोर्डावर जोडायला कथलाचे डागही मीच द्यायचे. पहिल्याच डागाला बोट भाजलं, दुसरा कथलाचा गोळा झाला. "काढ वं. पुन्हा." पाच वेळा काढला. दुसऱ्या दिवशी भर मे महिन्याच्या उन्हात मी डोक्यावर ओला टॉवेल घेऊन साबणाची डबी धरून फाटकाशी उभी, आणि ती व्हरांड्यात खराट्याच्या काडीनं एकेक वेढा सरकवत होती, कारण बोट जवळ गेलं तरी गणित बिघडायचं. दाब, सोड. दाब, सोड. चार वाजता दातेरी चाकानं टक् केलं. थेट फाटकापासूनच्या इशाऱ्याला.

संध्याकाळी मामंजी आले. ट्रक खाली ठेवला, तसे ते उठून आत गेले आणि चुलीजवळचा कोळशाचा एक तुकडा आणून त्यांनी हौद्यात ठेवला. रिकामा ट्रक काय, कोणीही पळवतं म्हणाले, माल घेऊन येऊ दे. सुलूनं तो तुकडा हौद्यात नीट मधोमध सरकवला. ट्रक निघाला, जड, कण्हत. फाटकाशी तिनं एकदा दाबलं. चाकं डावीकडे वळली. तो एवढा सावकाश वळत होता की मीच त्याच्याबरोबर डावीकडे झुकले. पुन्हा दाबलं, सरळ. मध्येच पेरूच्या झाडाकडे भरकटायला लागला तशी तिनं टक्-टक्-टक् तीनदा दाबलं, पुन्हा डावीकडे आला, आणि मग एकदा दाबून सरळ. व्हरांड्याच्या पायरीला टेकून ट्रक जागच्या जागी चाकं घासत राहिला. मामंजींनी वाकून मोटर बंद केली, कोळसा उचलला, तळव्यावर तोलून पाहिला. मग कोनाड्यातला फॉर्म घेतला. सही केली, आणि तिच्या शेजारी कोळशाचा काळा अंगठा उमटला, तो तसाच राहिला.

पुढचं काय सांगू? त्या वर्गात मुलगी ती एकटी. हिंगण्याच्या एका कारखान्यात तिनं टीव्ही जोडले. लग्न केलं, पण आपल्या वेळेला, आपण निवडलेल्याशी. नंतर घराच्या पुढच्या खोलीत दुरुस्तीचं दुकान काढलं. मी चाळीस-पंचेचाळीस वर्षं तिच्याकडे जात राहिले, आणि तिथे गेल्यावर सुलू पहिलं काम करायची ते म्हणजे माझे हात पाठीमागे बांधायला लावायची.

परवा प्राचीनं बोलावलं. खोली रिकामी करून द्यायची होती. मी दारात उभी राहिले आणि फडकं काही उचललं नाही. टेबलावर एक जुना रेडिओ पालथा होता, त्यावर सुलूच्या अक्षरात चिठ्ठी. एका आजोबांचं नाव, नंबर, आणि खाली, 'स्पीकरची तार जोडणे.' टेबलाखाली अजून चार. प्राची म्हणाली, हे सगळे तसेच परत करू. मी म्हटलं, थांब. आणि चष्मा पुसून घेतला. डाग द्यायची कांडी तापायला वेळ लागतो, तोवर खुर्ची पुढे ओढली. पहिला डाग गोळा झाला, काढला. दुसरा ओघळला, काढला. तिसरा बसला… कळ फिरवली तेव्हा आधी खरखर आली, मग कोणीतरी बाजारभाव सांगू लागलं. प्राची बघतच राहिली. तिला म्हटलं, बघतेस काय, चिठ्ठीवरच्या नंबरला फोन लाव. रेडिओ तयार आहे म्हणावं. आणि तो खालचा दुसरा दे इकडे.